पाय हलले होते

आमच्या आबांनी एकदा आईला स्टँडवर ठेवून आजऱ्याची गाडी सोडली होती. आबा कोल्हापूरच्या स्टँडवर एस.टी.चे कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटावरून सुटायची, हे त्यांच्या हातात असे. मावशीकडे बारसं होतं. आईने मला खिडकीशी बसवलं आणि ती फिरकीचा तांब्या भरून घ्यायला नळावर गेली. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. आबांनी घड्याळाकडे बघितलं, मग नळाकडे बघितलं. आई त्यांना दिसली. त्यांनी शिट्टी मारली. ड्रायव्हर घरोब्याचा होता. वहिनी राहिल्यात म्हणून त्याने मान बाहेर काढून सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, "एक पाशिंजर राहिलंय. मागनं दुसरी गाडी हाय." मी आजऱ्यापर्यंत कंडक्टरच्या शेजारी बसून रडत गेलो. आई दुपारच्या गाडीने आली. पुढे जन्मभर ती हा किस्सा पदराला हसू पुसत सांगायची. मला मात्र त्याचं हसू कधी आलं नाही.

गावात त्यांना शिट्टीआबा म्हणत. आठवडाभर स्टँडवर शिट्टी आणि रविवारी मैदानावर शिट्टी. आबा तरुणपणी फौजेत होते. तिथल्या छावणीत ते फुटबॉल शिकले, गुडघा गेल्यावर खेळ सुटला आणि ते पंच झाले. कोल्हापुरात पेठ विरुद्ध पेठ सामना असला की काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. अशा सामन्याच्या मधोमध आबा उभे राहत. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली त्या वर्षी आबांनी घरातले देव पंचगंगेत सोडले होते आणि त्याच वर्षी पहिल्यांदा मोठ्या सामन्याची शिट्टी त्यांच्या हाती आली होती. आमच्या वस्तीतल्या माणसाने भरल्या मैदानात वाड्यातल्या पोराला 'बाहेर हो' म्हणायचं आणि त्याने मुकाट्याने व्हायचं, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती. वस्तीतली म्हातारी माणसं सामना न कळताही नुसतं तेवढं बघायला यायची.

सामन्याच्या सकाळी आबा तांब्यात निखारे घालून आपली काळी चड्डी आणि काळा शर्ट स्वतः इस्त्री करत. आईला हात लावू देत नसत. शर्टाची कॉलर उलटसुलट करून उजेडात धरत. एकदा मी विचारलं, एवढं कशाला बघताय, मातीतच तर पळायचंय. ते म्हणाले, "दुसऱ्याचा डाग जवळ गेल्यावर दिसतोय. आपला लांबनं दिसतोय." हे वाक्य मला तेव्हा कपड्यांबद्दलचं वाटलं होतं.

त्यांचं दुसरं वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. "शिट्टीला सोयरं नसतंय." सामन्याआधी कुणी ओळख काढली, कुणी 'आबा, जरा लक्ष असू दे' म्हणालं, की ते एवढंच बोलत आणि तिथून चालू लागत. चहासुद्धा घेत नसत. आमच्या सख्ख्या चुलत्याने एकदा शिवी दिली म्हणून त्यांनी त्याला मैदानाबाहेर काढलं होतं. तो खेळतही नव्हता, नुसता कडेला उभा होता. चुलता पुढे कित्येक दिवस आमच्या घरी आला नाही.

अशा माणसाचा मुलगा गोलकीपर झाला, याला कारण आहे. बाकीचे खेळाडू मैदानभर पळतात. गोलकीपर एका जागी असतो आणि पेनल्टीला, कॉर्नरला पंचाला त्याच्याकडे बघावंच लागतं. आबांनी माझ्याकडे बघावं एवढ्यासाठी मी तिथे उभा राहिलो, असं आज सांगताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. चिखलात झेपा टाकून कोपरं फोडून घेतली. शाळेच्या संघात आलो, मग कॉलेजच्या, मग थेट पेठेच्या. पेठेच्या संघात निवड झाल्याचं सांगितलं तेव्हा आबा जेवत होते. त्यांनी मान हलवली आणि आईकडे आमटी मागितली.

दुसऱ्यांचं कौतुक त्यांना करता येत नव्हतं असंही नाही. सामना संपल्यावर ते हरलेल्या संघातल्या एखाद्या पोराच्या पाठीवर हात ठेवत. पलीकडच्या पेठेच्या गोलकीपरला त्यांनी माझ्यादेखत म्हटलं होतं, "हात चांगला हाय तुझा. सोडू नगं." मी तिथेच बूट सोडत बसलो होतो. माझ्याजवळ आल्यावर ते म्हणाले, "नाडी नीट गुंडाळ, तुटंल."

मी एकविशीत होतो त्या वर्षीचा अंतिम सामना आमच्या पेठेचा आणि पलीकडच्या पेठेचा लागला. ठरलेले पंच तापाने आडवे झाले. मैदान सकाळपासून भरलेलं, सामना पुढे ढकलला असता तर दंगाच झाला असता. आयोजकांनी आबांना स्टँडवरून बोलावून आणलं. माझा मुलगा खेळतोय, दुसरा माणूस बघा, असं आबांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा पलीकडच्या पेठेचा कप्तान पुढे आला आणि म्हणाला की शिट्टीआबा असतील तर आमची तक्रार नाही. तेव्हा आबा कपडे बदलायला गेले. त्या दिवशी मुंबईच्या एका कारखान्याच्या संघाची माणसं सामना बघायला आली होती. चांगल्या खेळाडूला ते नोकरी देऊन घेऊन जात. आदल्या सामन्यानंतर त्यांनी माझं नाव विचारून घेतलं होतं.

पहिल्या अर्ध्या भागात पलीकडच्या पेठेने मारलेला एक गोल आबांनी ऑफसाइड म्हणून नाकारला. निर्णय सरळ होता, त्यांच्या खेळाडूंनीही हुज्जत घातली नाही. पण कडेच्या गर्दीतून आवाज आला, "बापाला पोरगं दिसतंय!" लोक हसले. मग त्याच बाजूने दुसरा आवाज आला, त्यात आमच्या जातीचं जुनं नाव होतं. त्यावरही काही जण हसले. आबांनी त्या बाजूला बघितलं नाही. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, शर्टाला पुसली आणि पुन्हा तोंडात धरली.

शेवटची काही मिनिटं राहिली होती, दोन्हीकडे गोल नव्हता, आणि आमच्या बॅकच्या हाताला बॉल लागला. आबांनी पेनल्टी दिली. किक मारायला त्यांचा कप्तान आला. किक बसेपर्यंत गोलकीपरने रेषेवरचे पाय हलवायचे नसतात. मी रेषेवर उभा राहिलो. किक बसली आणि मी उजवीकडे झेप टाकली. बोटांच्या टोकांना बॉल लागला, मनगट मागे मुडपलं, आणि बॉल खांबाला चाटून बाहेर गेला. मैदान उठलं. आमची पोरं माझ्या अंगावर पडली. मी त्या अंगांच्या फटीतून आबांना शोधत होतो.

आबांचा हात वर होता. शिट्टी वाजली होती, आरोळीत ती कुणाला ऐकू आली नव्हती. ते चालत गोलपर्यंत आले, रेषेकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय हलले होते. परत मारा."

मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आबा, न्हाय हललो."

ते म्हणाले, "मैदानात आबा कोण न्हाय. रेषेवर जा."

दुसऱ्या वेळी माझे पाय खरोखरच हलले नाहीत. बॉल डाव्या बाजूने आत गेला आणि मी खांबासारखा उभाच राहिलो. सामना तिथेच संपला.

त्या संध्याकाळी आमच्याच पेठेतल्या पोरांनी आमच्या पत्र्यावर दगड टाकले. आबा दार उघडून बाहेर उभे राहिले तेव्हा ती पांगली. आई माझा सुजलेला हात मिठाच्या गरम पाण्यात धरून बसली होती. तिने त्यांना एवढंच विचारलं की खरंच हलले होते का. आबा म्हणाले, "शिट्टी मारल्यावर बोलायचं नसतंय." आणि त्यावर आमच्या घरात पुढे कधी कुणी बोललं नाही.

मुंबईची माणसं आमच्या हाफबॅकला घेऊन गेली. मी पुढच्या सामन्याला उभा राहिलो तर मागून ओरडा सुरू झाला, "पाय हलले, पाय हलले." पोरांना गंमत सापडली होती. बॉल माझ्याकडे आला की सगळा मैदानकाठ एका सुरात ओरडे. मी तो हंगाम कसाबसा काढला आणि बूट एका गरजू पोराला देऊन टाकले. इचलकरंजीत शाळेत नोकरी मिळाली, तिकडे निघून गेलो. शाळेला लागून यंत्रमागांच्या शेड होत्या. दिवसभर खडखडाट, वर्गात ओरडून शिकवावं लागायचं. मला तो आवाज बरा वाटायचा.

इकडे आबांचं नाव मोठं झालं. पत्र्यावर दगड टाकणारी पोरंच महिन्याभरात सांगू लागली की पंच असावा तर असा, पोटच्या पोराला सोडला नाही. सांगली, मिरज, बेळगावहून त्यांना बोलावणी येऊ लागली. कुठे वादाचा सामना असला की दोन्ही बाजू म्हणत, शिट्टीआबांना आणा. मी सणावारी घरी जायचो. कुठली गाडी गाठलीस, वेळेवर सुटली का, वाटेत किती थांबली, एवढंच आमचं बोलणं. आई गेली त्यानंतर तर तेवढंही अवघड झालं.

आणि माझं काय झालं, तर मलाच ते खरं वाटू लागलं. ती किक मी मनात इतक्या वेळा बघितली की मला माझे पाय हललेले दिसू लागले. उजवी टाच थोडी उचलली गेली असावी, वजन पुढे आलं असावं. एकदा ते मान्य केल्यावर राग गेला. शिक्षकांच्या खोलीत कुणी प्रामाणिकपणाचा विषय काढला की मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगायचो. माझ्याच हरण्याची गोष्ट मी अभिमानाने सांगत होतो. ऐकणारे गहिवरायचे.

आबा निवृत्त झाले त्यानंतर, साल पंच्याऐंशीच्या आसपास, त्याच मैदानावर त्यांचा सत्कार ठरला. अंतिम सामन्याआधी मैदानात मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, डोक्याला फेटा. आबा खुर्चीत ताठ बसले होते. मी आणि माझी बायको पहिल्या रांगेत होतो. वक्त्याने अर्थातच तीच गोष्ट काढली. बापाच्या काळजावर दगड ठेवून या माणसाने शिट्टी मारली, वगैरे. मलाही उभं करून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मग आबांना बोलायला सांगितलं. आबा भाषण करतील असं कुणाला वाटलं नव्हतं, दोन शब्द बोलून बसतील असंच सगळे धरून होते. त्यांनी फेटा उतरवून टेबलावर ठेवला आणि माइकसमोर उभे राहिले.

"त्या दिवशी गोलकीपरचे पाय हलले नव्हते," ते म्हणाले. "मी बघत होतो. तो रेषेवरच होता. शिट्टी मी जाणून मारली. तो गोल खोटा होता आणि ही शाल बी खोटी हाय."

शाल घडी करून त्यांनी फेट्याजवळ ठेवली आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

कडेला चहावाल्याची किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. बायकोने माझा दंड धरला होता हे मला नंतर तिने सांगितल्यावर कळलं. कुणीतरी एकाने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळे उठून उभे राहिले. वक्ता डोळे पुसत माइककडे धावला आणि म्हणाला की असा प्रामाणिक माणूस या गावात पुन्हा होणे नाही. दोघातिघांनी मिळून ती शाल आबांच्या खांद्यावर परत घातली. आबा ती काढत होते आणि ते पुन्हा घालत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. माझी चौदा वर्षं त्या माणसाने एका वाक्यात खोटी केली होती आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

त्या गडबडीत एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस माझ्याजवळ आला. आधी ओळख पटली नाही. तो पलीकडच्या पेठेचा कप्तान होता, त्या दिवशी किक मारणारा. खाली बघत म्हणाला, "पावणं, मला बी म्हाईत होतं. मी तुमच्याकडंच बघून मारलेली. पण दुसरी किक मिळत होती, मग कशाला बोलतोय." एवढं सांगून तो गर्दीत गेला. म्हणजे एकटे आबाच नव्हते. आणखी किती जणांनी बघितलं असेल, कोण जाणे.

बायकोला मी रिक्षात बसवून पुढे पाठवलं. आबा आणि मी चालत निघालो. रंकाळा तलावाच्या बाजूने जाऊ, असं तेच म्हणाले. चालता चालता मी विचारलं की त्या वेळी चुकून वाटलं आणि मागाहून लक्षात आलं, असं झालं का. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं.

"न्हाय," आबा म्हणाले. "किक बसायच्या आधीच ठरवलेलं. तू अडवलास तर शिट्टी मारायची."

मी कट्ट्यावर बसलो. आबा उभेच राहिले आणि पाण्याकडे बघत सांगू लागले. पहिल्या भागात ते दोन आवाज आले तेव्हाच त्यांचं मन फिरलं होतं. दगडांचं भय नव्हतं. पण पोराला वाचवला असा बोभाटा झाला असता तर नाव एकट्या त्यांचं गेलं नसतं. "आपल्यातल्या कुणाच्या हातात परत शिट्टी दिली नसती त्यांनी. मला तेवढंच दिसत होतं. तू मला दिसत न्हवतास."

मी विचारलं, मग हे मला घरात का नाही सांगितलं, एवढ्या लोकांपुढे कशाला.

"घरात सांगितलं असतं तर तू मिटवून टाकलं असतंस," ते म्हणाले. "सगळं मिटवतच आलायस. चारचौघांत तुला खोटा पाडला, मग चारचौघांतच सांगाय नको?"

राग होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आणि त्या रागातही, पस्तिशीच्या घरातल्या, दोन मुलांचा बाप असलेल्या माणसाने, जे इतकी वर्षं ओठांवर होतं तेच विचारलं. म्हणालो, "आणि अडवला कसा होता मी, आबा? तेवढं तरी सांगा."

आबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, "मी बघितलंच न्हाय, बाळ. मी तुझं पाय बघत होतो. बॉल भाईर गेला ते लोकांच्या आरोळीवरनं कळलं."

हे मात्र मी कधी मनातही आणलं नव्हतं. सगळ्या मैदानाने जे बघितलं होतं, ते एका माणसाने बघितलं नव्हतं, आणि मी ते केलं होतं त्याच माणसासाठी.

आबा पुढच्याच वर्षी गेले. शेवटच्या दुखण्यात मी रजा काढून त्यांच्याजवळ होतो. त्यांना माफ केलं का, असं मला आजही कुणी विचारतं, आणि मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांच्या तोंडून शाबासकी कधी आली नाही. पण रंकाळ्यावर त्या संध्याकाळी आम्ही लगेच घरी गेलो नाही. आबा माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले, थोडा वेळ गुडघा चोळत राहिले, आणि म्हणाले, "कसा अडवलास, दाखव की."

मी आधी नको म्हणालो. फिरायला आलेली माणसं होती, भेळवाल्याभोवती गर्दी होती, अंगावर सत्काराचे कपडे होते. आबा वाट बघत बसून राहिले. मग मी चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. बॉल कुठून आला ते सांगितलं. उजवीकडे वाकलो, हात लांब केला, बोटं कशी टेकली, मनगट कसं मुडपलं ते दाखवलं. कुठल्या बोटाला लागला, असं त्यांनी विचारलं. मधल्या दोन बोटांना, मी म्हणालो. मनगट किती दिवस दुखलं? पावसाळाभर. आई शेकायची.

आबांनी माझा हात आपल्या हातात घेतला, मनगट उलटसुलट करून बघितलं, आणि किती तरी वेळ तो तसाच धरून बसले.